होम करता पोळलेले हात

चांगुलपणावर कोरडे ओढणाऱ्या म्हणींची आपल्या भाषेत वाण नाही. कोणी शेजाऱ्यांच्या भांडणात चांगल्या हेतूने पडावे आणि दोन्हीकडून बोल लावून घ्यावा, की घरातले वडीलधारे माणूस तयारच असते : ‘होम करता हात पोळले.’ कोणी भाच्याचे लग्न जुळवून द्यावे आणि पुढे ते बिनसावे, की ‘करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.’ कोणी अडल्यानडल्याला पडवीत आसरा द्यावा आणि वर्षभराने त्याने पडवीवर हक्क सांगावा, की ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी.’ आणि प्रसंगाला नेमकी म्हण सुचलीच नाही, तर सर्व रोगांवर चालणारी एक मात्रा प्रत्येक घरात असतेच : ‘धर्म करता कर्म उभे राहते.’

दिवाळीत लेकी माहेरी येतात, भाऊ भाऊ एका पंक्तीला बसतात, आणि चिवड्या-चकलीच्या ताटाभोवती वर्षभरातल्या हकिगती निघतात. कोणी कोणाला जामीन राहिला आणि कसा बुडाला, कोणी कोणाच्या मुलाला शिकायला घरी ठेवले आणि काय ऐकून घेतले, हे सारे निघते. आणि प्रत्येक हकिगतीच्या शेवटी म्हण येते. म्हण आली की गोष्ट संपली. तिच्यावर कोणी उलट बोलत नाही. अशा बैठकींत बसून मला नेहमी एक शंका येते. या म्हणी आपल्याला खरोखर शहाणे करतात, की नुसते हात आखडायला शिकवतात?

या शंकेचे उत्तर शोधायचे तर म्हणींकडे जरा टीकाकाराच्या नजरेने पाहावे लागेल. म्हणी गोळा करणाऱ्यांची आपल्याकडे उणीव नाही. मोल्सवर्थने १८३१ साली आपला मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. १८५७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्यात शब्दांच्या ओघात कितीतरी म्हणी येऊन गेल्या आहेत. मॅनवेअरिंग या मिशनऱ्याने १८९९ साली मराठी म्हणींचे एक पुस्तकच ऑक्सफर्डहून काढले. पुढे दाते आणि कर्वे यांनी महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाचे प्रचंड काम केले. या साऱ्यांचे ऋण मोठे आहे. पण म्हण खरे बोलते की खोटे, ती कोणाच्या बाजूने बोलते, हे पाहणे कोशकाराचे काम नव्हे. कविता, कादंबरी, नाटक यांना टीकाकार भेटतात. म्हणीचा कर्ता निनावी, म्हणून तिच्या वाट्याला फक्त संग्राहक येतो.

आरंभ परक्या म्हणीपासून करतो. नरकाचा रस्ता सदिच्छांनी फरसबंद केलेला असतो, ही इंग्रजी म्हण आता आपल्याकडच्या भाषणांतही ऐकू येते. डॉक्टर जॉन्सनच्या तोंडी ती किंचित निराळ्या रूपात होती, आणि बॉस्वेलने १७९१ साली प्रसिद्ध केलेल्या त्याच्या चरित्रात ती नोंदलेली आहे. आपण तिचा अर्थ असा घेतो, की चांगल्या हेतूने केलेल्या कामातून अनर्थ होतो. पण म्हणीत कामाचा उल्लेखच नाही. आहेत त्या नुसत्या सदिच्छा! पहाटे उठायचे, व्यसन सोडायचे, म्हाताऱ्या आईला पत्र लिहायचे, असे ठरवत राहिलेल्या आणि काहीच न केलेल्या माणसाच्या इच्छांची ती फरसबंदी आहे. जॉन्सन स्वतः असले संकल्प करून मोडण्यात मोठा तरबेज होता, तेव्हा त्याला हा अर्थ चांगलाच ठाऊक असणार. म्हणजे एकच म्हण एकाला सांगते, ‘नुसता विचार करू नकोस, कर’; आणि दुसरा तिच्यातून काढतो, ‘करू नकोस, नसते झेंगट होईल.’ म्हण बिचारी दोघांच्याही हातात सारखीच.

आता आपल्या म्हणी. यांचे तीन कुळे पाडता येतात. पहिल्या कुळात दोष घेणाऱ्याचा. भटाला दिलेली ओसरी या कुळातली; सापाला दूध पाजण्याचा वाक्प्रचारही याच घरचा. दुसऱ्या कुळात दोष करणाऱ्याच्या हाताचा किंवा अकलेचा. तिसऱ्यात दोष कोणाचाच नाही, तो कर्माचा. गंमत अशी, की विचार करायला सर्वांत अधिक लावते ते दुसरे कुळ, आणि आपण सर्वांत अधिक वापरतो ते तिसरे.

दुसऱ्या कुळातली गणपती-मारुतीची म्हण पाहा. संस्कृतात ती आहे, पण तिथे विनायक घडवायला निघालेल्याच्या हातून निव्वळ वानर घडते. मराठीने या वानराचा मारुती केला. हा बदल लहान नाही. आमच्या परभणी भागात मारुतीचे देऊळ नाही असे गाव दाखवणे कठीण. शनिवारी त्याला तेल, शेंदूर, रुईच्या पानांची माळ. म्हणजे कारागिराचा हात चुकला, मूर्ती वेगळी झाली. पण जे झाले तेही देवच निघाले! मराठी माणसाने फसलेल्या हेतूची थट्टा केली, पण त्याला उकिरड्यावर टाकले नाही. त्याला वेशीवर उभे करून नारळ फोडला. ही म्हण रागाने म्हणणाऱ्याला तिच्यातली ही माया बहुधा दिसत नाही.

‘होम करता हात पोळले’ हिचेही तसेच. या म्हणीत हात पोळल्याचे सांगितले आहे. होम बिघडल्याचे सांगितलेले नाही. आणि ‘म्हणून होम करू नये’ हे शेपूट तर तिला आपणच जोडतो. घरोघर चकल्या तळताना कढईतले तेल उडते, गृहिणीच्या मनगटावर फोड येतो. पुढच्या वर्षी ती झाऱ्याचा दांडा लांब घेते. चकल्या बंद करीत नाही. म्हणीचा खरा उपदेश एवढाच असावा, की विस्तवाशी काम आहे, पळी लांब दांड्याची घ्या.

या कुळातला मुकुटमणी मात्र उंटावरचा शहाणा. रांजणात तोंड अडकलेले वासरू, हवालदिल झालेला मालक, आणि सल्ल्यासाठी बोलावलेला तो शहाणा. तो उंटावरून खाली उतरत नाही. उंट आत येईना म्हणून आधी दाराची भिंत पाडायला लावतो. मग वासराची मान कापायला सांगतो. आणि मान रांजणातच राहिली तेव्हा रांजण फोडायला सांगतो. या गोष्टीत दुष्ट कोणीच नाही. मालकाला वासरू वाचवायचे आहे, शहाण्यालाही वाचवायचे आहे. चुकले कुठे? रांजण आधी फोडायला हवा होता हे तर खरेच. पण त्याहीपूर्वी शहाण्याने खाली उतरायला हवे होते. उंचावरून त्याला भिंत दिसली, रांजण दिसला. वासराचे डोळे दिसले नाहीत. दूरच्या राजधानीत बसून खेड्याचे भले करायला निघालेल्या कोणत्याही योजनेची टीका करायची, तर या लोककथेहून अधिक नेमकी टीका मला माहीत नाही.

आता आमच्या मुलखाकडे वळतो. परभणी जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात म्हणींचे दोन वाडे शेजारी शेजारी नांदतात. मराठीत होम करता हात पोळतात. उर्दूत तीच जळजळ ‘नेकी बर्बाद, गुनाह लाज़िम’ होऊन येते. पुण्य गेलेच, वर पापाचा शिक्का बसला! मराठी म्हणीपेक्षा ही अधिक कडू आहे. हिच्यात कोर्टकचेरीचा वास आहे. पण त्याच भाषेने शेजारीच उतारा ठेवला आहे : ‘नेकी कर, दरिया में डाल.’ भले कर आणि नदीत सोडून दे. हिशेब ठेवू नकोस. पाथरीपासून गंगाखेड-पालमपर्यंत ज्यांच्या शिवारातून गोदावरी वाहते, त्यांना नदी शोधायलाही लांब जावे लागत नाही.

आणि खुद्द आमच्या गावाच्या नावाची म्हण कोणाला ठाऊक नाही? ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ जमले तर जमले, नाही तर परभणी आहेच. बाहेरचे लोक ती आम्हांला हिणवण्यासाठी म्हणतात. मला मात्र ती फसलेल्या मनसुब्यांवरची सर्वांत उमदी म्हण वाटते. हेतू फसला तर जग बुडाले असे ती म्हणत नाही. बिघडलेल्या बेताला उतरायला एक गाव शिल्लक आहे असे सांगते. गणपतीचा मारुती करणाऱ्या वृत्तीशी हिचे नाते जवळचे आहे.

याच जिल्ह्यातल्या गंगाखेडने मराठीला जनाबाई दिली. तिच्या चरित्रात एक प्रसंग आहे, तो आपण भक्तीच्या भरात ऐकतो आणि पुढे जातो. महिपतीने १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तविजयात तो विस्ताराने आला आहे. जनी रात्री दळते. तिचे कष्ट पाहून विठ्ठलाला राहवत नाही. तो तिच्या घरी येतो, जात्याला हात लावतो. परत जाण्याच्या घाईत आपला शेला आणि पदक तिथेच राहते आणि जनीची वाकळ तो पांघरून जातो. सकाळी देवाच्या गळ्यातले पदक नाही म्हणून बोभाटा होतो. शोध जनीच्या घरी लागतो. चोर ठरते ती जनी, आणि सुळावर द्यायला नेतात तीही जनीलाच.

भाविक मनाला पुढचे ठाऊक आहे. सुळाचे पाणी झाले. पण पाणी होण्याआधीच्या त्या वाटेवर थोडे थांबावे असे मला वाटते. इथे भले करायला गेला तो साक्षात देव. त्याच्या हेतूत खोट कशी असेल? तरी अनर्थ ओढवला, आणि तो देवावर ओढवला नाही. हात पोळले ते होम करणाऱ्याचे नव्हेत. जिच्यासाठी होम मांडला तिचे. दासी माणसाच्या घरात सोन्याचे पदक सापडले तर लोक काय म्हणतील, एवढे एक देवाच्या ध्यानात आले नाही. जनीच्या मात्र ते आधीच ध्यानात आले असते, जर तिला विचारले असते तर.

इथे आपल्या म्हणींची एक उणीव उघडी पडते. होमाची म्हण पोळलेल्या हाताचे दुःख सांगते, ओसरीची म्हण ओसरीच्या मालकाचे. धर्म करणाऱ्यापुढे कर्म उभे राहते, याचे दुःखही धर्म करणाऱ्यालाच. म्हणजे या म्हणी बहुतेक देणाऱ्यांच्या घरी जन्मल्या आहेत. ज्याला ओसरी असते तोच ओसरी गेल्याची म्हण रचतो. घेणाऱ्याच्या बाजूची एक म्हण चटकन आठवते : ‘भीक नको, पण कुत्रे आवर.’ तीच काय ती दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाची. दात्याच्या दारात दान आणि दंश दोन्ही एकदमच मिळतात, हे तिने चार शब्दांत सांगून टाकले आहे. वाङ्मय म्हणून मी तिला होमाच्या म्हणीच्या वर बसवीन.

घेणाऱ्यांनी म्हणी केल्या नसतील, पण नावे मात्र ठेवली. आमच्या शिवारातून एक चक्कर मारा. कालव्याच्या आणि ओढ्याच्या कडेने जांभळट फुलांचे एक झुडूप माजलेले दिसेल. कुंपणाला बरे म्हणून माणसांनीच ते लावले. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत हा त्याचा गुण. तोडले तरी फुटते, उपटून टाकले तर तिथेच मूळ धरते. लोकांनी त्याला नाव दिले ‘बेशरम’. जळण होईल, उजाड माळ हिरवा दिसेल म्हणून परदेशातून आणलेली बाभूळ रानोमाळ पसरली. ती झाली ‘वेडी बाभूळ’. आणि गाजर गवत! १९५० नंतरच्या दशकात ते पुण्याकडे प्रथम नजरेस आले. अमेरिकेने धान्याच्या टंचाईत धाडलेल्या मदतीच्या गव्हाबरोबर ते आले, असे सर्रास सांगितले जाते. लोक त्याला ‘काँग्रेस’ही म्हणतात. त्या नावाची उपपत्ती कोणी काहीही लावो. सरकारदरबारी केलेल्या भल्याची आठवण शेतकऱ्याने कशा तऱ्हेने जपली, ते त्यात दिसते. गव्हाची पोळी कोणी खाल्ली असेल ती असेल. खुरपणीला बसलेल्या बाईच्या हाताला खाज सुटते ती आजही सुटते.

पाण्याचीही तीच कथा. जायकवाडी धरण १९७६ साली राष्ट्राला अर्पण झाले आणि त्याचा डावा कालवा परभणीच्या रानात पाणी घेऊन आला. दुष्काळात होरपळलेल्या मुलखाला याहून मोठे वरदान कोणते? ज्यांच्या घरी त्या पाण्याने ज्वारीच्या जागी चार पैसे आणले, ते त्याला नावे ठेवणार नाहीत, आणि मीही ठेवणार नाही. पण आमची जमीन काळी, खोल, पाणी धरून बसणारी. निचऱ्याचे चर न काढता तिला पाणी पाजतच राहिले, की ती चिबडते, क्षार वर येतात, आणि पांढरा पापुद्रा धरलेल्या रानात पेरलेले उगवत नाही. ‘अति तेथे माती’ ही म्हण इतक्या अक्षरशः खरी झालेली क्वचितच पाहायला मिळते. इथे कालवा काढणाऱ्याचा हेतू चुकला का? मुळीच नाही. कालव्याबरोबर चर काढायचा राहिला.

हे आमचेच दुर्दैव आहे असेही नाही. बांगला देशात नदी-तळ्यांचे घाण पाणी पिऊन पोरे हगवणीने दगावत, म्हणून १९७० नंतरच्या काळात सरकारने आणि युनिसेफने गावोगाव कूपनलिका खोदल्या. पोरे वाचू लागली. पुढे १९९३ साली त्या भूगर्भातल्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे आढळले. कोट्यवधी माणसे वर्षानुवर्षे ते विष घोट घोट पीत आली होती. आपल्या पंक्तीतल्या एखाद्या काकांनी लगेच म्हटले असते, ‘बघा, धर्म करता कर्म उभे राहिले!’ पण तिथल्या लोकांनी काय केले ते ऐकण्यासारखे आहे. त्यांनी साऱ्या कूपनलिका बुजवल्या नाहीत. बुजवल्या असत्या तर पुन्हा हगवण होतीच. एकेका नळीचे पाणी तपासले, आणि विषारी निघाली तिला लाल रंग दिला, चांगली निघाली तिला हिरवा. लहान पोरालाही कळेल अशी ती खूण. सर्वांचे दुःख त्याने संपले नाही. पण पोळलेल्या हाताने पुढचा होम कसा करावा याचा तो वस्तुपाठ आहे.

आता त्या तिसऱ्या कुळाच्या म्हणीकडे येतो, कारण खरे नुकसान ती करते. ‘धर्म करता कर्म उभे राहते’ ही म्हण काहीच तपासत नाही. दोष हाताचा होता, की घाईचा, की खाली न उतरण्याचा, की ज्याचे भले करायचे त्याला न विचारण्याचा, हे प्रश्न ती उठूच देत नाही. सर्व काही कर्मावर ढकलून ती हात झाडते आणि श्रोत्यालाही झाडायला लावते.

याची किंमत काय पडते ते रस्त्यावर दिसते. जिंतूरचा रस्ता घ्या, गंगाखेडचा घ्या. अपघात झाला, मोटारसायकलवरचा पोरगा रक्तात पडला आहे. दहा माणसे भोवती उभी राहतात आणि एकही उचलत नाही. ती माणसे निर्दय नसतात. त्यांच्या कानात ही म्हण वाजत असते. उचलून दवाखान्यात नेले तर नाव-गाव लिहून घेतील, पैसे भरायला लावतील, पोलीस चौकीच्या चकरा, कोर्टाच्या तारखा! आणि हे भय निराधार होते असे कोणी म्हणू नये. म्हण अनुभवातूनच आली होती. पण तिची मजा पाहा. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या नियमांना बंधनकारक स्वरूप दिले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात तसे कलमच घालण्यात आले. मदत करणाऱ्याने नाव सांगण्याची सक्ती नाही. चांगल्या बुद्धीने केलेल्या मदतीत काही उणे-अधिक झाले तर त्याच्यावर दावा नाही. एक म्हण खोटी पाडण्यासाठी देशाला कायदा करावा लागला! म्हणीच्या अंगी केवढे बळ असते, याला आणखी पुरावा कशाला हवा? कायदा तर झाला. पण घरोघरच्या फराळाच्या ताटाभोवती म्हण अजून जुनीच चालू आहे, आणि दहा माणसे अजून उभीच राहतात.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की म्हण गोष्टीच्या शेवटी न येता सुरुवातीला यावी. कोणी सांगितले, की अमक्याचे भले करायला गेलो आणि हात पोळले, तर ‘होम करता...’ म्हणून त्याला गप्प करण्याऐवजी विचारावे : पळीचा दांडा केवढा होता? उंटावरून उतरला होतास का? जनीला विचारले होते का? अशी विचारपूस झाली तर या म्हणींइतके शहाणे वाङ्मय दुसरे नाही. ती न झाली तर याच म्हणी कंजूषपणाला शोभिवंत पांघरूण होतात.

आणि या दिवसांत बोलायचे तर बळीराजाचे नाव घेतल्याशिवाय कसे चालेल? दारी आलेल्या बटूला तीन पावले जमीन द्यायची, एवढाच त्याचा हेतू. शुक्राचार्यांनी सावध केले होते. तरी त्याने शब्द फिरवला नाही, आणि पाताळात गेला. चांगल्या हेतूने सर्वनाश झाल्याचे याहून ठळक उदाहरण पुराणांत शोधूनही सापडायचे नाही. संस्कृत सुभाषितकाराने त्यातून बोध काढला तो सावधगिरीचा : अति दान करून बळी बांधला गेला, म्हणून अति करू नये. विद्वानांनी तो पाठ केला. आमच्या शेतकऱ्याच्या घरात मात्र त्याच कथेचे दुसरेच वचन झाले. पाडव्याला बायका ओवाळताना म्हणतात, ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो.’

देण्यापायी बुडालेल्या राजाचे राज्य परत यावे, असे वर्षानुवर्षे मागणाऱ्या लोकांची भाषा ही आपली भाषा आहे. तिच्यात होमाची म्हणही आहे आणि हे मागणेही आहे. वर्षभर आपण पहिली वापरतो. निदान पाडव्याच्या दिवशी ओवाळणी घालताना दुसऱ्याचा अर्थ ध्यानात घ्यावा.